झावळ्यांच्या रविवारी आलेला खोका

मी खोका आहे, मित्रांनो, आणि जुना आहे. गेल्या फेब्रुवारीत जन्मलो. तुम्हाला हे वय कोवळं वाटेल. पण आमच्या जातीत बहुतेक जण जन्मल्यावर पंधरवड्याच्या आत रद्दीत जातात. त्या हिशेबाने मला आजोबा म्हणायला हरकत नाही. माझा एक कान फाटला आहे, एका कोपऱ्याला बुरशी आहे आणि पोटावर तीन वेगवेगळ्या चिकटपट्ट्यांचे व्रण आहेत. तरी मी सांगतो ते खरं माना. खोटं बोलणाऱ्याला आत काहीतरी लपवावं लागतं. माझ्या आत आता काहीच उरलेलं नाही.

माझा जन्म वसई पूर्वेच्या एका कारखान्यात झाला. त्याआधीच्या जन्मी मी पुष्कळ काही होतो. लग्नपत्रिका होतो, निवडणुकीची पत्रकं होतो, कोणाची तरी गणिताची उत्तरपत्रिका होतो. या सगळ्यांचा लगदा करून मला कडक आणि प्रामाणिक असा पुठ्ठा बनवला. मग माझ्यावर एक छत्री छापली, म्हणजे मला भिजवू नये. एक काचेचा पेला छापला, म्हणजे मला आपटू नये. एक बाण छापला, म्हणजे तो भाग वर ठेवावा. मित्रांनो, या तिन्ही चित्रांचा अर्थ कळणारा माणूस मला आजतागायत भेटायचा आहे.

तिथून मला ट्रकात घालून चिंचोटी-कामणच्या रस्त्याने भिवंडीला नेलं. पावसाळ्यात लोक चिंचोटीच्या धबधब्यावर जातात आणि हातपाय मोडून घेतात. मला नवल वाटतं. हाडंच मोडायची तर इतकं वर चढायला कशाला हवं, रस्ता पुरेसा आहे.

भिवंडीच्या गोदामात माझ्यात पाण्याचा एक पंप ठेवला. निळा, नवाकोरा, तेलाच्या वासाचा. मग माझ्या डाव्या बरगडीवर कायदा चिकटवला. हो, अक्षरशः चिकटवला. माल कोणी बनवला, कोणी भरला, कुठल्या महिन्यात, कुठल्या देशात, सगळे कर धरून किंमत काय, आणि तक्रार करायची असेल तर कोणाकडे. मी ते वाचून भारावून गेलो. आपल्या देशात ग्राहकाची केवढी काळजी! फक्त एक गोष्ट मनात आली. तक्रार येणारच अशी खात्री असल्याशिवाय तक्रारीचा पत्ता कोण इतका ठळक छापतो?

उजव्या बरगडीवर एक लांबलचक नंबर होता. तोच नंबर पंपाच्या अंगावर ठोकलेला होता. आमचं लग्न लागलं म्हणा ना. लग्न सुखाचं झालं, पण फार टिकलं नाही.

पहिल्या खेपेला मी विरारच्या फुलपाड्यात गेलो, तिसऱ्या मजल्यावर, केयूर नावाच्या तरुणाच्या घरी. केयूर दिसायला चांगला, बोलायला त्याहून चांगला. ज्या कंपनीकडून लोक फोनवरून माल मागवतात, तिने त्याच्या नावापुढे ‘विश्वासू ग्राहक’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं आणि ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला फोनवर दाखवायचा. त्याने मला इतक्या हळुवारपणे उघडलं, की माझ्या चिकटपट्टीचा टवकासुद्धा उडाला नाही. मला त्याचा आदर वाटला. तेवढ्यात त्याची बायको अक्षदा आतून आली.

“पंप? आपल्याला विहीर कुठाय?”

“विहीर कशाला पाहिजे? रिटर्न आहे ना.”

त्याने पंप काढून पलंगाखाली सरकवला. खाली जाऊन सोसायटीच्या आवारातून तीन पेव्हर ब्लॉक आणले, वजनकाट्यावर ठेवून पंपाशी जुळवून बघितले, आणि जुन्या चादरीत गुंडाळून माझ्यात बसवले.

“केयूर, ही चोरी आहे,” अक्षदा म्हणाली.

“चोरी कशी? चोरी झाली की मालक बोंबलतो. इथे मालक दाखव मला. कंपनी म्हणते, मी विकत नाही, मी फक्त बाजार भरवते. विकणारा म्हणतो, माल गोदामात आहे. गोदामवाला म्हणतो, मी फक्त ठेवून घेतो. आता मी चोरलं कोणाचं?”

“आणि कोणी उघडून बघितलं तर?”

“उघडून बघायला माणूस लागतो, येडे. माणसं कधीच काढून टाकली त्यांनी.”

मित्रांनो, एवढं कायद्याचं ज्ञान मी पुढे कायदा शिकणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं नाही. परत न्यायला आलेल्याने माझं वजन केलं आणि मान डोलावली. संध्याकाळच्या आत केयूरला पैसे परत मिळाले आणि कंपनीची माफीही मिळाली: ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ मी गोदामात परत गेलो. तिथल्या यंत्राने मला तराजूवर घेतलं, वजन जुळलं, आणि माझ्यावर ‘न उघडलेला’ असा शिक्का मारला. आपल्या पोटात दगड असताना कोणी आपल्याला कुमारिका ठरवलं तर बोलायचं काय? मी पुठ्ठा आहे. गप्प बसणं हा माझा धर्म आहे.

दुसऱ्या खेपेला मला भुईगावात पाठवलं, प्लासिड तुस्कानो यांच्याकडे.

आता या घरची थोडी माहिती सांगतो. प्लासिड हे वाडीवाले. केळी, भाजी आणि गेल्या हिवाळ्यात नव्याने लावलेली सोनचाफ्याची कलमं. वाडीला पाणी बावखलाचं. बावखल म्हणजे वसईच्या गावांतलं गोड्या पाण्याचं खोल तळं. कित्येक पिढ्यांपूर्वी खणलेलं. त्याच्या काठावरचा जुना पंप मार्चमध्ये जळला. मोठी झाडं उन्हाळा कसाबसा काढतात. कलमं काढत नाहीत.

पण प्लासिड गावात ओळखले जातात ते चाफ्यासाठी नाही. दोन भावांत बांधावरून भांडण लागलं, की दोन्ही भाऊ साक्षीला प्लासिडनाच बोलावतात. ते बांधावरून एकदा चालतात, एक जागा दाखवतात, आणि तिथे दगड रोवला जातो. मग कोणी बोलत नाही. शब्द म्हणजे शब्द. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पंप जळल्यावर प्लासिड गेले होते माणिकपूरला, दिनानाथच्या दुकानात. दिनानाथ त्यांचा शाळेतला सोबती. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. त्याने तासभर बसवून घेतलं, खोली विचारली, पाइपची जाडी विचारली, कुठल्या बनावटीचा कितीचा घ्यावा ते सांगितलं, चहा पाजला. प्लासिड म्हणाले, “घरी विचारून सांगतो.” घरी मुलगी जोआना होती, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली. तिने फोनवर तोच पंप स्वस्तात दाखवला आणि बोट टेकवलं. हे सगळं मी बेटीबाईंच्या, म्हणजे प्लासिडच्या बायकोच्या तोंडून ऐकलं. त्या पुढे दर दोन दिवसांनी म्हणायच्या, “दिनाभाऊंचा चहा पिऊन अक्कल घेतली आणि पंप मागवला भिवंडीहून. तो चहा बाधला आपल्याला.”

मी पोचलो तो झावळ्यांचा रविवार होता. मंडळी नुकतीच चर्चमधला मिस्सा आटोपून आली होती, हातात माडाच्या झावळ्या, अंगावर ठेवणीतले कपडे. अशा वेळी दारात आल्याने मला वाटलं, माझंच स्वागत आहे.

“अंकल, ओपन बॉक्स डिलिव्हरी आहे. खोलून दाखवू?” आणणाऱ्याने विचारलं.

“नको रे बाबा,” प्लासिड म्हणाले. “फादर येऊ देत.”

“कोण?”

“फादर. नवी वस्तू आशीर्वादाआधी उघडत नाहीत आमच्यात. तू सरबत घे.”

त्याने सरबत घेतलं, प्लासिडनी ओटीपी शेजारच्या सालोमीलाही ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात सांगितला, आणि त्या भल्या माणसाने फोनवर एक बटण दाबलं: ‘ग्राहकाने तपासणीस नकार दिला.’ त्यात खोटं काही नव्हतं.

पण तो ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. फादर व्हिव्हियन यांना श्वास घ्यायला सवड नव्हती. आणि त्या आठवड्यात नवं काम सुरू करायचं नाही, ही बेटीबाईंच्या माहेरापासूनची रीत. मला ओटीवर ठेवलं, वर पांढरा रुमाल घातला. बेटीबाई आणि सालोमी बावखलातून बादल्या काढून कलमांना घालत होत्या. जोआनाने दोनतीनदा टोकलं.

“पप्पा, निदान उघडून बघा तरी. सात दिवसांची मुदत असते.”

“प्रार्थनेआधी घास घेतेस का तू?”

“पप्पा, हा घास नाही, मोटर आहे.”

“मग मोटरीला पळून जायला पाय आहेत का? आठवडाभर बसेल.”

मोटरीला पाय होते, मित्रांनो. ते फुलपाड्याहून केव्हाच निघाले होते.

ईस्टरनंतरच्या सोमवारी फादर आले. मेणबत्ती लावली, माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. छत्रीचं चित्र असूनही मी तक्रार केली नाही. प्लासिडनी खिशातल्या चाकूने पट्टी कापली. चादर उलगडली. तीन पेव्हर ब्लॉक.

मेणबत्ती अजून जळत होती. मग बेटीबाई म्हणाल्या, “फादर, आशीर्वाद परत घेता येतो का हो?”

फादरनी दगडांकडे बघितलं. “नाही, बेटी. आमच्याकडे रिटर्न नाही.”

सालोमी फिसकन हसली आणि तिने तोंडावर पदर घेतला. आशीर्वाद दिलेली वस्तू फेकता येत नाही. म्हणून बेटीबाईंनी ते तीन ब्लॉक अंगणातल्या क्रूसापुढे ओळीने मांडले. मेणबत्ती लावताना पाय चिखलात पडू नयेत म्हणून.

जोआनाने फोन उघडला. परतीची मुदत आदल्या दिवशी संपली होती. ती ईस्टरच्या दिवशी संपली, हा योगायोग. त्या दिवशी ख्रिस्त कबरीतून उठला. मुदत काही उठली नाही.

आता तक्रारीची गोष्ट. पहिल्यांदा जोआनाशी एक बाई बोलली, फोनच्या पडद्यावर. ती फार गोड होती. तिला पेव्हर ब्लॉक म्हणजे काय ते सोडून सगळं येत होतं. ‘आपल्याला ब्लॉक आवडले नाहीत हे ऐकून वाईट वाटलं,’ असं तिने लिहिलं. ती बाई नव्हतीच, यंत्र होतं. मग जोआनाने माझ्या बरगडीवरचा कायदा वाचून थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. नियम असा आहे, की तक्रार आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोच द्यायची. पोच आली, वेळेच्या आत. नियम असाही आहे, की महिन्याच्या आत निवारण करायचं. निवारण झालं, तेही महिन्याच्या आत. कंपनीने नियमाचा एक कानामात्रासुद्धा मोडला नाही. मी एवढं काटेकोर पालन कुठे बघितलेलं नाही.

निवारण असं होतं: ग्राहकाने तपासणीस स्वतः नकार दिला. वजन पंपाइतकंच भरलं होतं. आपण मुदतीनंतर तक्रार केली. कंपनी फक्त मध्यस्थ आहे. आणि शेवटी एक ओळ: ‘आपल्या खात्यावर संशयास्पद व्यवहाराची नोंद करण्यात आली आहे.’

जोआनाने ते मोठ्याने वाचलं, आणि वाचून झाल्यावर तिला वाटलं, वाचायला नको होतं.

“संशयास्पद म्हणजे काय?” प्लासिडनी विचारलं. शब्द त्यांना कळला होता.

“म्हणजे... कंपनीला वाटतं, पंप आपण काढून घेतला आणि दगड आपणच भरले.”

प्लासिडनी ओटीवरून वाडीकडे बघितलं. मग म्हणाले, “पंप गेला तर गेला. पैसे गेले तर गेले. पण हा शब्द काढायला सांग त्यांना.”

एवढंच मागणं होतं, मित्रांनो. त्या एका शब्दासाठी जोआनाने पालघरच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार घातली. कायदा आता फार चांगला झाला आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पूर्वी म्हणे कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागत. आता आपल्या जिल्ह्यात, घरबसल्या, फोनवरून तक्रार घालता येते. तारीखही फोनवरच मिळते. ती डिसेंबरातली मिळाली. फोन वेगवान असतो. तारीख तिच्या चालीने येते.

आणि माझं नशीब फळफळलं. जोआनाने सांगितलं, “मम्मी, हा खोका पुरावा आहे. याला हात लावायचा नाही, पुसायचा नाही, यात कांदे भरायचे नाहीत.” मला कपाटाच्या डोक्यावर बसवलं. ज्या घराला मी फसवलं होतं त्या घरात मला देव्हाऱ्याइतका मान मिळू लागला. झुरळांनी माझ्यात संसार थाटला, तरी बेटीबाई खालून नुसत्या बघत आणि म्हणत, “पुराव्यात झुरळं झालीत, काय करू?”

दरम्यान उन्हाने निम्मी कलमं जळाली. उरलेल्या निम्म्यांसाठी प्लासिड मान खाली घालून पुन्हा माणिकपूरला गेले. परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं.

दिनानाथ म्हणाला होता, “ये, प्लासिड. चहा सांगू? की मागचा अजून पचला नाही?”

“बोल, बोल. बोलायचा हक्क आहे तुला.”

“नाही रे, मी कोण बोलणार? माझं दुकान आता प्रदर्शन झालंय. लोक येतात, हात लावून बघतात, फोटो काढतात, थँक्यू म्हणतात आणि घरी जाऊन मागवतात. तू निदान थँक्यू तरी म्हणाला नाहीस.”

मग त्याने आतून एक पंप काढला. नवाकोरा, पण खोका नाही. कोणी तरुण विकून गेला होता म्हणून स्वस्तात देत होता. प्लासिडनी तो बावखलावर बसवला. फादरना या वेळी बोलावलं नाही; ते रस्त्याने जाताना सायकलवरूनच हवेत क्रूसाची खूण करून गेले. पंप चालला. उरलेली कलमं जगली. मला कपाटावरून त्याचा आवाज यायचा आणि का कोण जाणे, ओळखीचा वाटायचा.

पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन आलं आणि पंप अडखळायला लागला. दिनानाथ स्वतः आला. पंप उचलून ओटीवर आणला. नेमकं त्याच दिवशी जोआनाने आयोगाला पाठवायचे फोटो काढायला मला खाली उतरवलं होतं. ओटीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो निळा. अंगावर शेवाळ चढलं होतं, पण मी ओळखलं. नवरा-बायको अशीच भेटतात काही वेळा, कोर्टाच्या व्हरांड्यात.

दिनानाथने चष्मा कपाळावर चढवला आणि दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. “हां, नंबर घ्या. वाचतोय. सदतीस... शून्य आठ... पुसट झालंय जरा...”

“चारशे एकोणनव्वद, बासष्ट,” जोआना आतून म्हणाली.

दिनानाथने वाकून बघितलं. “बरोबर. तुला कसं गं ठाऊक, बाय?”

जोआना दारात येऊन उभी राहिली. तिने तो नंबर इतक्या कागदांवर लिहिला होता, की तो तिला झोपेतही म्हणता आला असता. ती माझ्याजवळ बसली, माझ्या उजव्या बरगडीवर बोट ठेवलं आणि एकेक आकडा वाचला. मग पंपाजवळ बसली आणि तोच वाचला.

“काका, हा पंप तुम्हाला कोणी दिला?”

“फुलपाड्याचा पोरगा होता एक. केयूर का कायसं. गोडबोल्या. म्हणाला, सासऱ्याने भेट दिला, आम्हाला विहीर कुठाय? मी म्हटलं, खरंच की.”

“पप्पा, सापडलं!” जोआना ओरडली. “हाच तो! हाच आपला पंप! आपण खरे आहोत हे आता...” आणि ती मध्येच थांबली. शिकलेल्या माणसाचा चेहरा असा अर्ध्या वाक्यात उतरताना मी पहिल्यांदा बघितला.

“काय झालं?” बेटीबाई म्हणाल्या. “चांगलं झालं ना?”

“मम्मी, वकील विचारेल, पंप कुठाय? आपण सांगायचं, आमच्याच बावखलावर. तो म्हणेल, मग मिळाला की तुम्हाला.”

“अगं पण आपण तो दिनाभाऊंकडून घेतला!”

“मग तो विचारेल, दिनानाथांकडे कसा आला? काका, बिल?”

दिनानाथने चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला. “पोराला कुठलं बिल मागणार? नवा होता, स्वस्त होता. महिनाभर गल्ल्यात धूळ होती, बाय. घेतला.”

“चोरीचा माल घेतला म्हणून आधी काकांना बोलावतील,” जोआना हळू आवाजात म्हणाली. “त्या केयूरने दगड भरून खोका परत केला असणार. तो म्हणेल, मी तर पंप परत केला, हे बघा कंपनीचं माफीपत्र. त्याच्याकडे कागद असणार.”

मित्रांनो, कायद्याचे हात लांब असतात असं तुम्ही ऐकलं असेल. असतात. पण ते पाट्या वाचत वाचत पुढे सरकतात. कंपनीची पाटी ढगात आहे. केयूरला पाटीच नाही. माणिकपूरच्या रस्त्यावर मात्र एक पाटी आहे, नाव-पत्त्यासकट, जीएसटीच्या नंबरासकट, रंग उडालेली. हात तिथेच थांबणार होता.

“मी येतो आयोगापुढे,” दिनानाथ म्हणाला. “काय व्हायचं ते होऊ दे. तुझा शब्द मोठा आहे, प्लासिड. माझं काय, दुकान असंही...”

“दिना, तू गप बस.”

“अरे, पण...”

“मी तुझा चहा पिऊन दुसरीकडे गेलो, तेव्हा तू कोणाला साक्षीला बोलावलंस?” प्लासिड म्हणाले. आणि मग जोआनाला: “तक्रार मागे घे.”

“पप्पा, तो शब्द तसाच राहील मग. कायमचा.”

“राहू दे. कॉम्प्युटर काय बांधावर येणार आहे?”

त्यांनी कोयता आणला आणि माझ्या उजव्या बरगडीवरचा नंबर खरवडून काढला. मग पंपावरचाही. आम्हा दोघांची ओळख त्यांनी पुसून टाकली. तक्रार मागे घेतल्याबरोबर कंपनीचा निरोप आला: ‘आपलं समाधान झाल्याचं जाणून आनंद वाटला. कृपया आम्हाला पाच तारे द्या.’

तुम्ही म्हणाल, मोठ्या मनाचा माणूस, गोष्ट इथे संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण नोव्हेंबरात शेजारच्या आळीतले दोन भाऊ आले. केनी आणि जॉयल. बांधाचं भांडण. दोघंही एकाच वेळी म्हणाले, “अंकल, तुम्ही या आणि दाखवा.”

प्लासिड पायात चपला घालायला उठले. एक चप्पल घातली. दुसरी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

“दुसऱ्या कोणाला तरी न्या,” ते म्हणाले. “माझं आता नीटसं लक्षात राहत नाही.”

त्यांच्या सगळं लक्षात आहे. वाडीतल्या प्रत्येक कलमाची तारीख लक्षात आहे. कॉम्प्युटर बांधावर आला नव्हता, मित्रांनो. तो ओटीवर आला होता. भाऊ परत गेले, आणि ऐकतो की आता ते न्यायालयात आहेत.

पुरावा म्हणून माझं काम संपलं, पण घरात मला नवीन नोकरी लागली आहे. नाताळाच्या आदल्या आठवड्यात जोआनाने बेटीबाईंसाठी मिक्सर मागवला. दिनानाथकडे मिक्सर मिळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर दिनानाथकडे आता दुकानही नाही. तिथे पार्सल ठेवायची जागा झाली आहे. नवा खोका दारात आला. मला ओटीच्या मधोमध ठेवलं आणि माझ्या पाठीवर फोन उभा केला. फोनपुढे प्लासिड उभे राहिले, धुतलेला सदरा घालून, पोलिसांच्या फोटोत उभे राहतात तसे.

“पप्पा, नाव सांगा. तारीख सांगा. खोका चारही बाजूंनी दाखवा.”

“मी प्लासिड तुस्कानो, राहणार भुईगाव. खोका बंद आहे. मी उघडलेला नाही. मी...” ते अडखळले. “मी खरं सांगतोय.”

फादर व्हिव्हियन घराला आशीर्वाद द्यायला आले होते. पवित्र पाण्याची छोटी बाटली हातात घेऊन ते दाराबाहेर थांबले होते, फोटोत येऊ नये म्हणून. थोड्या वेळाने त्यांनी डोकं आत घातलं.

“झाला का व्हिडिओ? मग मी सुरू करू?”

“आधी उघडू देत, फादर,” जोआना म्हणाली. खोक्यातून मिक्सर निघाला. खरोखरचा मिक्सर, तीन भांड्यांसकट. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी फक्त श्वास सोडला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला फेकू नका, मला जपा, वगैरे. मी तसं काही मागत नाही. मी पुठ्ठा आहे, माझा पुन्हा लगदा होईल, पुढच्या जन्मी मी एखाद्या कायद्याचं पुस्तकही होईन. पण कधी भुईगावात आलात, तर तुस्कानोंच्या अंगणात क्रूसापुढे तीन पेव्हर ब्लॉक दिसतील. या घरात आधी आशीर्वाद देऊन मग उघडलेलं ते शेवटचं सामान. त्यांच्यावर पाय जरा जपून ठेवा.